दोघींचा स्टेथोस्कोप

आमच्या वॉर्डात विद्यार्थिनींची नवी तुकडी आली की पेशंट घाबरत असतील, असं लोकांना वाटतं. पेशंटला काय कळतंय! गणवेशातलं कोणीही जवळ आलं की त्याला धीरच येतो. घाबरते ती मी. मी सर्जरी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. पुस्तकं तोंडपाठ असलेल्या, पण जिवंत माणसाला कधी हात न लावलेल्या पोरी माझ्या खाटांमधून फिरायला लागल्या की माझा जीव टांगणीला लागतो. कोणी सलाइनची चिमटी सताड उघडी टाकून जेवायला जाते, कोणी या खाटेची गोळी त्या खाटेला द्यायला निघते. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ओरडते. माझ्या ओरडण्याने पोरी हुशार होतात असा माझा दावा नाही, पण सावध राहतात.

काही जणी मात्र ओरडण्याने आणखीच बिघडतात. येत असलेलं विसरतात, बाथरूमची कडी लावून रडत बसतात. अशांसाठी ती होती. ती म्हणजे नर्सिंग कॉलेजकडून वॉर्डात शिकवायला येणारी मॅडम. कॉलेजातल्या सगळ्या कच्च्या, घाबरट, नापास झालेल्या मुली शेवटी तिच्याकडे पाठवल्या जायच्या आणि ती त्यांना पायावर उभं करून परत पाठवायची. स्ट्रेचर ओढणारे मामा तिला दुरुस्ती मॅडम म्हणायचे, तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. आम्ही दोघी एकाच तुकडीतल्या, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेल्या. माझ्यासाठी ती नुसती ‘ए’ होती. पण इथे मीही तिला मॅडमच म्हणते, कारण ही गोष्ट तिच्या मॅडमपणाचीच आहे.

तिची रीत अशी. पोरीच्या समोर उभं राहून प्रश्न विचारायचे नाहीत. तिच्या मागे उभं राहायचं, कोपराला हलका हात लावायचा आणि म्हणायचं, “हात काय करतोय ते तोंडाने सांग.” मग ती पोर सांगत सुटायची, आता पट्टा बांधते, आता नाडी शोधते. तोंड चालू असलं की भीतीला बोलायला जागा मिळत नाही, असं मॅडमचं म्हणणं. माझं म्हणणं, दहा पोरींची तोंडं चालू असली की माझं डोकं उठतं. पण पोरी पास व्हायच्या, मग माझं कोण ऐकणार!

ब्लड प्रेशर घ्यायला शिकवणं हे तिचं खास काम. त्यासाठी तिच्याजवळ दोन जणींचा स्टेथोस्कोप होता. पेशंटच्या हातावर ठेवायची चकती एकच, पण तिच्या नळीला पुढे दोन फाटे फुटलेले आणि कानात घालायच्या जोड्या दोन. शिकणारीला जे ऐकू येतं तेच शिकवणारीला. पट्ट्यात हवा भरायची, मग हळूहळू सोडायची. डायलवरची सुई खाली यायला लागते. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. सुई मात्र लबाड. ठोका यायच्या आधीच ती थरथरायला लागते आणि तिच्यावर विसंबलं तर आकडा फुगून येतो. “सुई बघून आकडा सांगाल तर याद राखा,” मॅडम प्रत्येक तुकडीला सांगायची. मी एकदा म्हटलं, “अगं, आता सगळीकडे मशीनं आली. बटण दाबलं की झालं. कशाला एवढा जीव काढतेस?” तर म्हणाली, “मशीन बंद पडतं. कान बंद पडत नाहीत.”

गेल्या काही वर्षांत तिचा आवाज फार मऊ झाला होता. हॉस्टेलमध्ये हिची हाक तीन मजले ऐकू यायची आणि आता समोरच्याला मान पुढे करावी लागायची. “म्हातारपणी संत व्हायला निघालीस की काय?” मी चिडवायची. ती हसायची, जरा उशिराने. मला वाटायचं, शिकवून शिकवून निवळली बिचारी. माणूस निवळलं की आपण खूश होतो, का निवळलं ते विचारत नाही.

आणि मग पुटपुटी आली.

तिचं खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र बघायची वेळच यायची नाही. तिला काहीही विचारलं की ती ओठातल्या ओठात पुटपुटायची, म्हणून पुटपुटी. दुसऱ्या वॉर्डांत दोनदा नापास होऊन ती आमच्याकडे आली होती. कॉलेजचा नियम साफ होता. वॉर्डातल्या कामात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी. तिचे वडील बेकरीत भट्टीवर काम करायचे. पहिल्या दिवशी ते तिला सोडायला वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, “सिस्टर, रागवा, काय वाट्टेल ते करा, पण हिला घडवा. आमच्या घरात शिकलेली ही पहिलीच.” पोर मान खाली घालून उभी होती. तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि ती बांधायला वाकण्याचाही तिला धीर नव्हता.

मला वाटलं होतं, ही वॉर्ड बुडवणार. पण तसं काही झालं नाही. पोर कामाला चांगली होती. खाट लावावी तर चादरीला सुरकुती नाही. पेशंटची कूस बदलताना तिचा हात असा जायचा, की कण्हणारा माणूसही कण्हायचं विसरायचा. इंजेक्शनही बरं देत होती. घोडं अडत होतं फक्त ब्लड प्रेशरपाशी. तिचा आकडा आणि मॅडमचा आकडा कधी जुळायचाच नाही.

“किती?” मॅडम विचारायची.

“एकशे दहा, सत्तर,” पुटपुटी म्हणायची.

“एकशे तीस. परत ऐक. घाई नको.”

परत हवा भरायची, परत सोडायची. पेशंटचा हात लाल व्हायचा. मॅडम न चिडता, न कंटाळता तिच्या कोपराला हात लावून उभी. असं रोज चाललं. आणि गंमत अशी, गंमत कसली, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, की मॅडम जितकी मदत करत गेली तितकी पोर खालावत गेली. सुरुवातीला ती निदान आकडा तरी सांगायची. मग सांगायच्या आधी मॅडमच्या तोंडाकडे बघायला लागली. मग मॅडमची नजर कुठे आहे ते बघायला लागली. मॅडमची नजर सुईवर असायची. मग हीसुद्धा सुईवरून सांगायला लागली आणि आकडे थोडेफार जुळायला लागले. “सुधारतेय,” मॅडम मला म्हणाली. मीही मान डोलावली.

त्या दिवशी सकाळी तिसऱ्या खाटेवर एक टेलरकाका होते. आदल्या दिवशी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. माणूस बोलका, इतका की गुंगी उतरल्यापासून त्यांनी डॉक्टरांच्या कोटाची शिलाई, माझ्या गणवेशाची उंची आणि खिडकीच्या पडद्यांचं माप या सगळ्यांवर मत दिलं होतं. मॅडम पुटपुटीला घेऊन त्यांच्याकडे गेली. मी शेजारच्या खाटेची पट्टी बदलत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

हवा सुटल्याची शिट्टी झाली. पुटपुटी म्हणाली, “नव्वद.”

“किती?”

“नव्वद, साठ, मॅडम.” त्या दिवशी आवाज जरा मोठा होता, हे मला अजून आठवतं.

“एकशे वीस आहे,” मॅडम मऊपणे म्हणाली. “नीट ऐकलंस का?”

पोरीने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, “हो मॅडम. एकशे वीसच.”

आणि एकशे वीस लिहिलं गेलं. नाडी थोडी जलद होती, पण नव्या टाक्यांच्या माणसाची असतेच. त्यातून काकांना पहिल्यापासून धडधडीची गोळी चालू होती, ती नाडीला फार पळू देत नाही. माझं म्हणाल, तर दुरुस्ती मॅडम एकशे वीस म्हणतेय आणि दोनदा नापास झालेली पोर नव्वद म्हणतेय, यात कोणाचं खरं धरायचं, असा प्रश्नच मला पडला नाही. मी पट्टी बदलून पुढच्या खाटेकडे गेले.

औषधांची गाडी फिरवून मी परत आले तेव्हा काका छताकडे बघत पडले होते. मी म्हटलं, “काय काका, पडद्याचं माप चुकलं ते चुकलंच का?” ते काही बोलले नाहीत. बडबड करणारा पेशंट गप्प झाला की धावायचं, हे मला कोणी शिकवलं नाही, पण एवढ्या वर्षांत कळलंय. मी हात हातात घेतला. थंडगार, ओलसर. ओठ पांढरे. मी ब्लड प्रेशर घेतलं. सत्तर. खालचा आकडा तर ऐकूच येईना.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टर धावत आले, रक्ताच्या पिशव्या आल्या, मामांनी खाट तशीच ओढत ऑपरेशन थिएटरकडे नेली. पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. खाट दारातून बाहेर पडता पडता डॉक्टर ओरडले, “सकाळी एकशे वीस? कोणी घेतलं होतं?”

वॉर्डातल्या सगळ्यांच्या माना पुटपुटीकडे वळल्या. माझीही वळली. ती भिंतीला टेकून उभी होती. “मी,” ती म्हणाली. तेवढं मात्र स्पष्ट म्हणाली.

मॅडम तिच्या शेजारी उभी होती आणि काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिलाही धक्का बसलाय.

काका वाचले. तासाभराने थिएटरमधून निरोप आला, रक्तस्राव थांबला म्हणून, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. तोवर कॉलेजचाही निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्याबाईंनी पुटपुटीला, मॅडमला आणि मला बोलावलं होतं. पुटपुटीच्या वडिलांनाही कळवलं होतं. कशासाठी, ते सांगायची गरज नव्हती.

मॅडमची एक जुनी सवय होती. पोर पडली की तिला लगेच उठवायचं, भीती थंड होऊ द्यायची नाही. तिने पुटपुटीला बायकांच्या बाजूच्या, खिडकीजवळच्या एका बऱ्या होत आलेल्या आजींकडे नेलं. “घे यांचं. काही झालेलं नाही. हात काय करतोय ते तोंडाने सांग.” पोरीने चकती स्पिरिटने पुसली, पट्टा बांधला, हवा भरली, सोडली.

“किती?”

“मॅडम, काहीच ऐकू येत नाहीये.”

“येतंय. एकशे चाळीस, ऐंशी. शांतपणे ऐक.”

“खरंच काही...”

“एकशे चाळीस,” मॅडम आपल्या कानातल्या नळ्या काढत म्हणाली.

“हो, मॅडम,” पोर म्हणाली. कानातल्या नळ्या काढून तिने स्टेथोस्कोप माझ्या टेबलावर ठेवला आणि ती बाथरूमकडे पळाली. कडी लागल्याचा आवाज आला. आजी मला म्हणाल्या, “पोरगी लय घाबरलीय हो,” आणि मॅडम पुढच्या मुलीकडे गेली.

टेबल आवरताना मी तो स्टेथोस्कोप उचलला. कशाला कोण जाणे, एक जोडी कानात घातली आणि सवयीप्रमाणे चकतीवर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. मग मी नीट बघितलं. चकतीला दोन बाजू असतात, एक मोठी सपाट, एक लहान. दांड्यावर ती अर्धी फिरवली की एक बाजू चालू होते, दुसरी बंद. पुसताना पोरीच्या हातून ती फिरली होती. मोठी बाजू बंद होती. त्या बाजूने जगातल्या कोणाच्याही कानात एक ठोकासुद्धा जाणं शक्य नव्हतं.

आणि मॅडमने एकशे चाळीस ऐकलं होतं.

मी तशीच उभी राहिले. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या वॉर्डात, मला भीती वाटली. एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. मऊ झालेला आवाज. उशिराने येणारं हसू. शांत खोलीत ती “काय म्हणालीस?” विचारायची आणि वॉर्डाच्या गोंगाटात, जिथे सगळेच मोठ्याने बोलतात, तिथे मात्र सगळं बरोबर ऐकायची, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. आणि तिची आई. हॉस्टेलवर भेटायला यायची तेव्हा आम्ही तिच्याशी ओरडून बोलायचो. तेव्हा ती आजच्या आमच्यापेक्षा लहान असेल. कानातलं बारकं हाड घट्ट होत जातं, बाहेरचं ऐकू येईनासं होतं, स्वतःचा आवाज मात्र मोठा वाटून माणूस हळू बोलायला लागतं, आणि हे दुखणं आईकडून लेकीकडे येतं, हे आम्ही दोघींनी एकाच पुस्तकात, एकाच दिव्याखाली वाचलं होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगावं तर तिची सगळी हयात धुळीला मिळणार, न सांगावं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तिला चादरींच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. स्वतःच्या हाताला पट्टा बांधला, चकती होती तशीच, बंद बाजूने, दंडाच्या खाली ठेवली.

“माझं घे,” मी म्हटलं. “सकाळपासून गरगरतंय.”

तिने नळ्या कानात घातल्या. हवा भरली, सोडली. तिचे डोळे सुईवर होते, पापणीसुद्धा लवत नव्हती. “एकशे पन्नास, नव्वद,” ती म्हणाली. “जास्त आहे हं. जरा बस.”

मी चकती उचलून तिच्यासमोर धरली आणि अंगठ्याने अर्धी फिरवली. टक्.

तिने चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कळायला तिला वेळ लागला नाही. शिकवलेलं तिनेच होतं. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. “मला वाटायचं स्टेथोस्कोप खराब आहे,” ती म्हणाली. “दोनदा बदलला. मग वाटलं, एवढंच ऐकू येत असेल सगळ्यांना. थोडं कानाने, थोडं सुईने. आधी थोडंच सुईने घेत होते गं.”

“तपासून का नाही घेतलंस?”

“भीती वाटली.”

मला राग आला. एवढा राग मला कोणाचाही आला नव्हता. हिच्यापुढे रांगेने उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या घाबरट पोरींना हिने एकच सांगितलं होतं, भीती वाटली तर बोला. “तुला भीती वाटली म्हणून काका मरत होते,” मी म्हटलं. “आणि ती पोर उद्या घरी जातेय.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “ज्यांना मी चुकीचं ठरवलं,” ती हातांआडून म्हणाली, “त्यांच्यातल्या किती जणी बरोबर सांगत होत्या?”

बाहेरून कोणीतरी चादर मागत दार वाजवलं. ती उठली, तोंड पुसलं. “उद्या तू सांगणार आहेस?” तिने विचारलं.

“तू सांगणार आहेस का?” मी विचारलं.

ती स्टेथोस्कोप उचलून निघून गेली. तिने ऐकलं की नाही, हेसुद्धा मला कळलं नाही.

सकाळी प्राचार्याबाईंच्या खोलीबाहेर बाकावर पुटपुटीचे वडील बसले होते. पायांजवळ एक मोठी बॅग होती, रिकामी. मुलीचं हॉस्टेलमधलं सामान न्यायला आणलेली. मला बघून ते उठले आणि पुन्हा बसले. मॅडम नाही बोलली तर मी बोलायचं, हे मी ठरवून आले होते. पण माझ्याजवळ पुरावा काय? एक फिरलेली चकती. आणि मैत्रिणीच्या तोंडावर ते बोलायची माझी छाती होईल का, याची मलाच खात्री नव्हती.

आत प्राचार्याबाईंनी फार वेळ घेतला नाही. त्या वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना निकाल लावायचा होता. “चूक प्रत्येकाकडून होते,” त्या पुटपुटीला म्हणाल्या, “पण ही पहिली नाही. पेशंटच्या जिवाशी असं चालत नाही. तुला काही सांगायचंय?”

पुटपुटीने नकारार्थी मान हलवली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला ती हात वर करत नव्हती.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाली. तिने पिशवीतून ब्लड प्रेशरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, मग स्टेथोस्कोप. “माझी शेवटची विनंती आहे. हिला एकदा माझ्यासमोर घेऊ द्या. बाई, तुमचा हात द्या.”

प्राचार्याबाईंनी घड्याळाकडे बघितलं, पण बाही वर सारली. मॅडमने एक जोडी पुटपुटीच्या हातात दिली, एक स्वतःच्या कानात घातली. आणि चकती प्राचार्याबाईंच्या हातावर ठेवता ठेवता तिच्या अंगठ्याने ती अर्धी फिरवली. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मला ओरडावंसं वाटलं. अगं बाई, काय करतेस? काल ज्या पोरीला खरं बोलल्याची शिक्षा झाली, ती आज खरं बोलेल कशी? बाहेर बाप बॅग घेऊन बसलाय. ही आज कुठलातरी आकडा ठोकून देणार. महिनाभर हिने तेच तर शिकवलंय तिला. आणि आकडा सांगितला की संपलं. मॅडमला फक्त गप्प राहायचंय. मैत्रीण म्हणून इतकी वर्षं ओळखते, आणि त्या क्षणी ती काय करणार आहे ते मला अजिबात सांगता येईना.

पुटपुटीने हवा भरली. हळूहळू सोडली. सुई खाली यायला लागली, मधेच थरथरली, पुन्हा संथ झाली, तळाला गेली. पोरीने सवयीने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. मॅडमने डोळे मिटून घेतले होते. सुईकडे बघितलंच नव्हतं.

“किती?” मॅडमने डोळे न उघडता विचारलं.

पोरीचे ओठ हलले. पुन्हा हलले. मग ती म्हणाली, पुटपुटली नाही, मोठ्याने म्हणाली, “मॅडम, काहीच ऐकू येत नाही. मला माहितीये तुम्ही रागवाल. पण खरंच काही ऐकू येत नाही.”

प्राचार्याबाईंनी सुस्कारा सोडला आणि बाही खाली घ्यायला लागल्या. “बघितलंत?” त्या मॅडमला म्हणाल्या. “आणखी काय करणार आपण?”

“मलाही येत नाही,” मॅडम म्हणाली. तिने डोळे उघडले. चकती उचलून प्राचार्याबाईंना दाखवली. “ही बंद आहे. मीच केली. हिने बरोबर सांगितलं.” मग तिने चकती फिरवली, टक्, आणि पुन्हा हातावर ठेवली. “आता ही सुरू आहे. आता हिला येईल. मला आताही येणार नाही. कालचे नव्वद हिने ऐकले होते. एकशे वीस माझे होते.”

प्राचार्याबाई बाही तशीच अर्धवट धरून बसल्या. पुटपुटीला यातलं किती कळलं कोण जाणे. मॅडमने स्वतःच्या कानातली जोडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“तू ऐक,” ती म्हणाली. “माझ्या जागी.”

मी नळ्या कानात घातल्या. पुटपुटीने हवा भरली, सोडली. शांतता. शांतता. मग पहिला ठोका आला, स्वच्छ, आणि मागोमाग बाकीचे, आणि मग ते विरत गेले.

“एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर,” पुटपुटी म्हणाली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. दोघींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.